दीड वीत पायरी आणि पस्तीस फूट तार

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो. आमच्या फळीवर रिकाम्या बरण्या जमतात तसेच ते जमतात. टाकवत नाहीत आणि मोजवत तर मुळीच नाहीत. माझ्याकडे जरा जास्तच जमले, कारण दोन वर्षं माझ्या स्वयंपाकघरातून एक पस्तीस फुटी काळी तार जात होती. गल्लीतल्या बाया म्हणतात, सुमनला दुसऱ्यांच्या घरातलं फार कळतं. आता दुसऱ्यांचं कामकाजच माझ्या डब्यांच्या मागून जायला लागल्यावर मी काय डोळे मिटून भाजी फोडणीला टाकू?

नव्वदीची अखेर होती. आम्ही श्रीरामपूरला रेल्वे फाटकाच्या अलीकडच्या गल्लीत राहायचो. आमचे हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर, आणि मी घरी साड्यांना फॉल लावायची. एका ओळीत तीन गाळे होते. डावीकडे शेळके सरांची टायपिंग इन्स्टिट्यूट, उजवीकडे त्यांच्या मुलीचं, रूथचं कॉम्प्युटरचं दुकान आणि मधे मी! देवानेच आखून दिलेली जागा म्हणायची.

* * *

आधी सरांची शिस्त सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

सरांच्या क्लासात अकरा मशिनं. खडखड, खडखड, ओळ संपली की टिंग! भिंतीला कान न लावताही मी सांगू शकायची की आत तीसचा स्पीड चाललाय की चाळीसचा. (कान लावला तर बोटांसकट सांगायची.) नियम दोन. पहिला, चूक झाली की खोडायचं नाही, कागद काढायचा आणि पान पहिल्यापासून. दुसरा, आत यायचं तर उंबऱ्यावर थांबून विचारायचं, "मे आय कम इन, सर?" सर स्वतः टाईप करत असले तर मान वर न करता म्हणायचे, "थांब. ओळ पूर्ण होऊ दे." मग टिंग. मग "येस."

हा नियम सगळ्यांना. एकदा मी विरजण मागायला गेले. सातवी पास बाई, हातात वाटी, म्हटलं, "सर, थोडं दही..."

"वहिनी, काय म्हणायचं असतं?"

क्लासातली पोरं बघायला लागली. मी पदर सावरला आणि म्हटलं, "मे आय कम इन, सर?"

"थांबा. ओळ पूर्ण होऊ द्या."

ओळ पूर्ण झाली, टिंग वाजली. सर म्हणाले, "येस. बोला." मी विरजण मागितलं. सर म्हणाले, "दही घरी आहे. इथे क्लासात कुठलं दही?"

* * *

आता रूथ. सरांची एकुलती एक. आई लवकर गेली, बापानेच वाढवली. बारा वर्षांची असताना मशिनवर बोटं ठेवली तिने. सरांच्या मनात होतं की पुढे क्लास हीच चालवणार. ती नगरला दोन वर्षं नोकरी करून आली आणि आली ती कॉम्प्युटर घेऊन! माझ्या पलीकडचा गाळा भाड्याने घेतला. लग्नपत्रिका, अर्ज, प्रश्नपत्रिका, सगळं छापून द्यायला लागली.

सर गल्लीत उभे राहून सगळ्यांसमोर म्हणाले, "जिथे चूक पुसून टाकता येते, तिथे माणूस शिकणार काय? मी या दुकानाची पायरी चढणार नाही."

रूथ म्हणाली, "चढाल."

एवढंच. दोघं संध्याकाळी चर्चमागच्या घरी एका टेबलावर जेवायचे, ती त्यांना वाढायची, ते तिला "मीठ बरोबर आहे" म्हणायचे. पण दुकानाचं नाव निघायचं नाही. नाताळला ती दुकान सजवायची, चांदणी टांगायची. सर चांदणी बघायचे, पण रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभं राहून. पोरीचा जीव तुटायचा. दुकान उघडताना रोज आधी ती पायरी धुवायची, तेव्हाच मला कळायचं.

मी एकदा पायरी मोजली. कुणी नव्हतं तेव्हा, हाताने. दीड वीत!

* * *

आता तार कशी आली ते. एका महिन्यात सरांचे तीन विद्यार्थी बाजारपेठेतल्या कॉम्प्युटर क्लासला गेले. रूथने आपला जुना कॉम्प्युटर सरांच्या क्लासात ठेवायचा म्हटलं. "पोरं टिकतील, सर." दुकानाच्या वेळात ती त्यांना सरच म्हणायची.

तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "ठेव. कोपऱ्यात. पण तो कागद काढणारा डबडा इथे नको. करवतीसारखा ओरडतो. माझ्या टिंगचा आवाज जाईल."

म्हणजे टाईप सरांकडे होणार आणि कागद निघणार रूथकडे. एक प्रिंटर, दोन कॉम्प्युटर आणि मधे माझं घर. मला कुणी परवानगीसुद्धा विचारली नाही. मी आधीच देऊन टाकली होती.

भिंतीला भोक पाडायला बबन वायरमन आला. मी म्हटलं, "बबनभाऊ, माझी फळी आहे हां त्या बाजूला."

"काय काळजी करू नगा, वैनी. हात बसलाय आपला."

हात बसला तो थेट माझ्या तिखटाच्या डब्यावर! सरांच्या बाजूने छिन्नी आत आली, डबा उलटला, आणि वर्षाचं संकेश्वरी तिखट त्याच भोकातून उलटं सरांच्या क्लासात. अकरा मशिनं, अकरा पोरं. आधी एक शिंक, मग दोन, मग सगळा क्लासच.

भिंतीतून सरांचा आवाज आला, तोही शिंकतच, "शिंकताना... आक्छी... हात थांबवायचा नाही!"

त्या तारेच्या वाटेने पहिला निरोप गेला तो माझ्या तिखटाचा.

* * *

तार जोडायला नगरहून टायवाला इंजिनिअर आला. पाणी द्यायच्या निमित्ताने मी त्याच्या मागे उभी. सरांच्या क्लासातल्या स्क्रीनवर त्याने एक चित्र उघडलं. म्हणाला, "हे बघा, नेटवर्क नेबरहुड. म्हणजे शेजार. आता दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना दिसायला लागले."

मी वाकून पाहिलं. एक नाव सरांच्या क्लासाचं, एक रूथचं.

"आणि मी?"

"तुम्ही काय, मावशी?"

"अहो, शेजार म्हणताय ना? मग यांच्यातला शेजारी कोण? तार कुणाच्या घरातून गेलीय?"

त्याने पुष्कळ समजावलं. ज्याच्याकडे कॉम्प्युटर आहे त्याचंच नाव येतं, वगैरे. मी म्हटलं, "ठीक आहे. मग तार माझ्या घराला वळसा घालून न्या."

इंजिनिअरने टाय सैल केला. प्रिंटरला काहीतरी नाव द्यावंच लागतं, म्हणाला. ते त्याने दिलं, SUMAN. तेव्हापासून सरांच्या क्लासात पोरांना कागद काढायचा असला की आधी स्क्रीनवर माझं नाव निवडावं लागायचं. सर तेवढ्यावर खूष नव्हते. म्हणाले, "वहिनी, आता तुमच्याशिवाय गल्लीत एक कागद हलणार नाही. पूर्वी नुसती बातमी हलत नव्हती."

* * *

कॉम्प्युटर आला, पण सरांचा नियम तोच. चूक पुसायची नाही! म्हणून त्यांनी काय करावं? चूक पुसायचं जे बटण असतं त्याच्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी लावली. आडवी, उभी, घट्ट. आणि शेवटच्या ओळीला जरी एखादं अक्षर चुकलं तरी पोराने सगळं बंद करायचं आणि पान पहिल्यापासून!

इंजिनिअर दुसऱ्या खेपेला आला तेव्हा त्याने ती पट्टी पाहिली. "सर, बटण तुटलंय का?"

"नाही. बटण चांगलं आहे. सवय वाईट आहे."

तो बिचारा रूथकडे गेला. म्हणाला, "मॅडम, मी पंचवीस ऑफिसांत नेटवर्क टाकलंय. कॉम्प्युटरला मलमपट्टी पहिल्यांदा बघितली."

रूथ हसली नाही. म्हणाली, "लहानपणी माझ्या गुडघ्याला पण तेच लावायचे. अशीच. आडवी, उभी, घट्ट."

आणि लाईट गेली की सरांची खरी दिवाळी. आमच्याकडे दुपारी चार वाजता लाईट जायची ती जायचीच. रूथचा कॉम्प्युटर गप्प, कोपऱ्यातलाही गप्प, आणि सरांची मशिनं मात्र दुप्पट जोराने खडखड. शिवाय सर माझ्या भिंतीकडे तोंड करून ओरडायचे, म्हणजे पलीकडच्या भिंतीपर्यंत जाईल, "आमचं चालू आहे!"

मी मधून ओरडायची, "ऐकू आलं!"

* * *

आता माझा एक गुन्हा. मीच सांगते, नाहीतर दुसरं कुणी वाढवून सांगेल.

तार लांबीला कमी पडली होती, म्हणून माझ्या फळीपाशी तिला एक चकचकीत सांधा दिला होता. नळाच्या सांध्यासारखा, फिरवून बसवायचा. तार जरा सैल होती, त्यामुळे तिच्यावर माझी दोन-चार फडकीही वाळायची. नवरात्राच्या आधी मी घर काढलं. डबे घासले, फळी धुतली, म्हटलं याही बिचाऱ्याला पुसावं. सांधा उघडला, ओल्या फडक्याने पुसला आणि गंजू नये म्हणून आत शिलाई मशिनचं तेल सोडलं. चार थेंब. चांगलं तेल हं, मी माझ्या मशिनला घालते तेच.

दोन दिवस सरांकडून एक कागद रूथकडे पोचेना. पोरं हैराण. नगरहून इंजिनिअर आला. सरांचा कॉम्प्युटर तपासला, रूथचा तपासला, शेवटी माझ्या स्वयंपाकघरात आला. फडकी बाजूला केली, सांधा उघडला, बोट लावलं, वास घेतला.

"मावशी, यात तेल कुणी घातलं?"

"का हो? कमी पडलं का?"

तो खाली बसला. मी त्याला पोहे दिले. खाऊन झाल्यावर म्हणाला, "यातून माहिती जाते, मावशी. फडकी पण नका टाकू."

मी म्हटलं, "जाऊ दे की माहिती. माझी फडकी काय तिला धरून ठेवतात?"

* * *

तर कागद निघायचा रूथकडे, आणि हवा असायचा सरांकडे. पोरांना दर वेळी उठवलं तर हात थांबतो, आणि सर तर जाणार नाहीत. मग आणणार कोण? करवतीचा आवाज आला की मी निघायची. रूथच्या दुकानातून कागद घ्यायचा, आपल्या दारावरून सरांच्या उंबऱ्यावर जायचं. "मे आय कम इन, सर?" त्या वीस पावलांत माणूस कितीसं वाचणार? फार तर एक पान.

एक दिवस कोल्हारकडचे एक बागायतदार आले, अर्ज लिहून घ्यायला. सरांचा हात अर्जाला चांगला, लांबून लोक यायचे. मशिनं सगळी अडकलेली, सरांच्या मशिनवरही एक पान अर्धं, म्हणून सरांनी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, कोपऱ्यातल्या मुलीला हळू आवाजात मजकूर सांगितला, आणि स्वतः आपल्या मशिनवर बसले. मुलीने बटण दाबलं. बागायतदार कॉम्प्युटरपुढे हात पसरून उभे. कागद येईना. येणार कसा? तो मी घेऊन आले.

त्यांनी कागदाकडे पाहिलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"सांगितला ह्या घरात, निगाला त्या घरात, आन आनला तिसऱ्याच घरानं. बाई, तुमी वाचला तर न्हाई ना?"

"छे हो!" मी म्हटलं. "मला काय करायचंय तुमच्या चुलतभावाच्या बांधाशी?"

सरांचा हात थांबला. मधेच. ओळ अर्धी! क्लासाच्या तीस वर्षांत पहिल्यांदा.

बागायतदार सावकाश म्हणाले, "मी तर बांदाचं नाव बी काढलं न्हाई अजून तुमच्यापुढं."

मी छताकडे बघितलं. सर म्हणाले, "वहिनी, तुमच्यामुळे आज माझं पान पहिल्यापासून."

* * *

दसऱ्याला मी घरच्या शिलाई मशिनची पूजा करते. मग मनात आलं, माझ्या नावाचा प्रिंटर तिकडे तसाच बसलाय. ताट घेऊन रूथकडे गेले. "लावू का गं कुंकू? तुमच्यात चालेल का?"

"लावा की काकू. फक्त बटणांवर नको."

मी हळद-कुंकू लावलं, वर झेंडूचं टपोरं फूल ठेवलं, हात जोडले. आणि त्याच क्षणी पलीकडे सरांच्या क्लासात कुणीतरी सराव परीक्षेचे पेपर छापायला बटण दाबलं. त्यांना काय माहीत इकडे पूजा चाललीय! करवत सुरू झाली, फूल घसरलं आणि कागदाबरोबर आत. मी ओढायला गेले तर माझा हळदीचा अंगठा पहिल्याच पानावर. तीस पेपर निघाले. प्रत्येकावर पाकळ्यांचा पिवळा पट्टा, आणि पहिल्यावर माझा अंगठा, सही केल्यासारखा.

ते घेऊन मी उंबऱ्यावर उभी राहिले. सरांनी एकेक पेपर उजेडात धरला.

"वहिनी, आमच्या परीक्षेत एवढी मदत घेतली तर कॉपी समजतात."

पण पेपर त्यांनी परत छापले नाहीत. तेच वाटले. नाताळच्या आदल्या दिवशी करंज्यांचं ताट माझ्याकडे आलं. वर सरांच्या अक्षरात चिठ्ठी, "दोन तुमच्या नावाच्या त्या दुसरीसाठी."

* * *

दुसऱ्या वर्षी अकरातली चार मशिनं बंद पडली. दुरुस्तीला येणारा माणूस म्हणाला, सुटे भाग मिळत नाहीत आता. सरांनी त्यांना खोळी घातल्या. खडखड पातळ झाली. भिंतीच्या अलीकडे मला उगीच चुकल्यासारखं व्हायचं.

त्याच पावसाळ्यात एक दिवस रूथने दहा वाजता दुकान उघडलं, कॉम्प्युटर लावला, आणि प्रिंटर आपोआप सुरू झाला! एक पान, दुसरं, तिसरं... चौदा पानं. सगळी सारखी. टायपिंग शिकताना सुरुवातीला देतात ना, तीच तीच अक्षरं, ओळीच्या ओळी. एकही चूक नाही. रूथ मला हाक मारून म्हणाली, "काकू, हे कुणी पाठवलं? मी तर आत्ता आलेय."

मला माहीत होतं. चार दिवस मी सकाळी साडेसहाला भिंतीतून ऐकत होते. सातची बॅच यायच्या आधी. खडखड नाही, अगदी हळू, पावट्याच्या शेंगा सोलल्यासारखी टपटप. पण मी काही बोलले नाही. (हो, मी! गल्लीत कुणी विश्वास ठेवत नाही.)

गंमत अशी की रूथचा कॉम्प्युटर बंद असला की सरांकडून धाडलेला कागद अडकून बसायचा. ज्याने धाडला त्याला वाटलं असेल, गेलाच नाही. म्हणून त्याने चौदा वेळा बटण दाबलं.

रूथने पानं हातात घेतली. समास बघितला. ओळींची टोकं बघितली. मग तांबडी पेन्सिल काढली, एका पानावर "छान" लिहिलं आणि माझ्याकडे दिलं. "सकाळच्या विद्यार्थ्याला द्या म्हणावं, सर."

सरांनी पान घेतलं. "कोण सकाळचा विद्यार्थी? मला माहीत नाही." घडी घातली आणि खिशात ठेवली. "पोचवतो मी."

मग रोजच एक पान निघायला लागलं. रोज रूथ तपासायची, रोज मी पोचवायची. "समास उत्तम." "आज ओळी सुबक." सर रोज म्हणायचे, पोचवतो.

एक दिवस रूथने मुद्दाम लिहिलं, "स्पीड वाढवा."

सरांनी वाचलं आणि भर क्लासात उसळले, "कमी? पंचेचाळीस शब्द आहेत मिनिटाला!"

सातही मशिनं थांबली.

सर खाली बसले. चष्मा पुसला. म्हणाले, "असं तो विद्यार्थी म्हणत होता."

* * *

आणि मग तो दिवस.

दुपारचे चार वाजत आले होते. करवत वाजली. मी उठले, रूथच्या दुकानात गेले. कागद बाहेर येत होता तो सरावाचा नव्हता. मराठीत होता, म्हणून मला वाचता आला. रूथ आणि मी दोघींनी उभ्यानेच वाचला.

प्रति, मा. संचालिका. विषय: प्रवेश मिळणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की, मी गेली एकतीस वर्षे टायपिंग शिकवीत आहे. चूक झाल्यावर पान न बदलता पुढे कसे जावे, हे मला शिकावयाचे आहे. तरी कृपया आपल्या वर्गात प्रवेश द्यावा. आपला विश्वासू.

खाली मोकळी जागा.

रूथने परत वाचला. मग परत. तेवढ्यात चार वाजले आणि लाईट गेली. पंखा फिरायचा थांबला. पलीकडून खडखड वाढली, पण आज "आमचं चालू आहे!" आलं नाही.

रूथ म्हणाली, "काकू, यावर सही नाही."

"नाहीच आहे."

"घेऊन येता?"

दोन वर्षांत मी कुणाला एक कागद नेऊ दिला नव्हता. पण मी म्हटलं, "मी नाही बाई. मला कणीक भिजवायचीय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी निघाले, माझ्या दारावरून पुढे गेले आणि सरांच्या उंबऱ्यावर उभी राहिले.

"मे आय कम इन, सर?"

सर टाईप करत नव्हते. नुसते बसले होते. "येस."

"अर्जावर सही नाही म्हणतात. सहीशिवाय अर्ज घेत नाहीत."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "मशिनवर असता तर काढतानाच केली असती. आणा इकडे, करतो."

"आज जमणार नाही, सर. हात कणकेत आहेत."

सरांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "वहिनी, हात तर कोरडे आहेत."

"भिजवायचीय अजून."

सरांनी खिशातलं पेन काढलं, झाकण उघडून टोक बघितलं, परत लावलं. उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं. एकेक करत मशिनं थांबली, आणि एकाही पोराला ते "हात थांबवायचा नाही" म्हणाले नाहीत. माझ्या दारावरून गेले. मी मागे, पाच पावलांवर. त्याहून लांब राहणं मला जमलं नाही.

दीड वीत पायरी. सरांनी पाय असा उचलला, जशी काही ती गुडघ्याएवढी आहे. चढले. आणि उंबऱ्यावर थांबले. हात मागे बांधले.

"मे आय कम इन, मॅडम?"

रूथ कॉम्प्युटरपुढे बसली होती. खाली मान घालून, दोन्ही हातांची बोटं भराभर चालवत. मान वर केली नाही.

"थांबा," ती म्हणाली. "ओळ पूर्ण होऊ द्या."

सर थांबले. मी त्यांच्या खांद्यावरून आत डोकावले. लाईट जाऊन दहा मिनिटं झाली होती.